एक अक्षर की दोन? : इंग्रजी स्पेलिंगमधील एका नियमाचा इतिहास



कावसजी नानाभाई दावर ह्यांनी १८५४ साली मुंबईत पहिली सूतगिरणी उभारण्याचा उद्योग आरंभिला. त्यांच्या कंपनीचे नाव होते 'बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी'. पुढे मुंबईत, सोलापुरात, नागपुरात गिरण्या निघाल्या आणि त्यांच्यापैकी पुष्कळांच्या नावांत हे दोन शब्द जोडीने आले. तीन-चार पिढ्यांच्या कामगारांनी ते रोज दरवाजावरच्या पाटीवर पाहिले. बहुतेकांना इंग्रजी वाचता येत नव्हते. ज्यांना येत होते त्यांनीही त्या पाटीत पाहण्यासारखे काही आहे असा विचार केला नसावा. आज त्या गिरण्या बहुतांशी बंद झाल्या आहेत आणि पाट्याही गेल्या आहेत. परंतु त्या दोन शब्दांत इंग्रजी भाषेचा एक हजार वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

'स्पिन' म्हणजे कातणे. हा शब्द एकटा लिहिला की शेवटी एकच 'एन'. परंतु त्याला 'इंग' हा प्रत्यय लावला की 'एन' दोन होतात. 'वीव्ह' म्हणजे विणणे. त्याला तोच प्रत्यय लावला तर शेवटचा 'ई' गळतो, आणि 'व्ही' मात्र एकचा एकच राहतो. विदर्भात आणि खानदेशात ज्यांना आपण 'जिनिंग-प्रेसिंग'चे कारखाने म्हणतो, तेथेही हीच तऱ्हा : 'जिन'चा 'एन' दुप्पट होतो, 'प्रेस'मध्ये मुळातच दोन 'एस' आहेत, त्यांत भर पडत नाही. एका ठिकाणी अक्षर वाढते, दुसऱ्या ठिकाणी वाढत नाही. असे का? शाळेत आम्हांला ह्याचे उत्तर मिळाले ते एवढेच, की 'नियम आहे, पाठ करा'.

नियम काय आहे

प्रथम नियम नीट समजून घेऊ, म्हणजे इतिहासाकडे वळणे सोपे जाईल.

शब्द एका अवयवाचा असावा. अवयव म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा. त्याच्या शेवटी एकच व्यंजन असावे, त्या व्यंजनाच्या आधी एकच स्वराक्षर असावे, आणि लागणारा प्रत्यय स्वराने सुरू होणारा असावा. ह्या अटी जुळल्या की व्यंजन दुप्पट करावयाचे. 'स्टॉप'चे 'स्टॉप्ड' होताना दोन 'पी' येतात ते ह्यामुळे. 'रीड'मध्ये स्वराक्षरे दोन आहेत, म्हणून 'रीडिंग'मध्ये 'डी' एकच. 'वर्क'च्या शेवटी व्यंजने दोन आहेत, म्हणून 'वर्किंग'मध्ये 'के' एकच.

शब्द अधिक अवयवांचा असेल तर पाहावयाचे ते आघात कोठे पडतो हे. 'बिगिन' उच्चारताना जोर शेवटच्या अवयवावर पडतो, म्हणून 'बिगिनिंग'मध्ये दोन 'एन'. 'ओपन'मध्ये जोर पहिल्या अवयवावर आहे, म्हणून 'ओपनिंग'मध्ये एकच. आमच्या व्यवहारातला शब्द घ्यावयाचा तर 'पिकेटिंग' : जोर 'पि'वर, म्हणून 'टी' एक. 'ट्रान्स्फर'चे 'ट्रान्स्फर्ड' केले की दोन 'आर'. 'रेफर'चे 'रेफर्ड' करताना दोन 'आर', परंतु 'रेफरन्स' म्हणताना जोर मागे सरकतो आणि लगेच एक 'आर' गळतो. नियम किती बारकाईने कानाच्या मागे चालतो हे ह्यावरून दिसेल. तो डोळ्यांनी पाठ करावयाचा नियम नाही. ऐकावयाचा नियम आहे.

ह्या दुप्पट अक्षराचे काम काय? ते मागच्या स्वरावर पहारा करते. 'हॉप' म्हणजे उडी मारणे आणि 'होप' म्हणजे आशा करणे. दोघांना 'इंग' लावा. एक 'पी' लिहिला तर वाचणारा 'होपिंग' वाचतो, दोन लिहिले तर 'हॉपिंग' वाचतो. उच्चारात 'प' दोन्हीकडे एकच आहे. फरक आहे तो स्वराचा. म्हणजे खूण व्यंजनावर केलेली, आणि ती सांगते स्वराविषयी. हा उलटा कारभार कसा सुरू झाला?

जेव्हा दोन म्हणजे दोनच होते

आपण मराठी माणसे 'पता' आणि 'पत्ता', 'मत' आणि 'मत्त' ह्यांत सहज भेद करतो. 'पत्ता' म्हणताना जीभ 'त'वर क्षणभर थांबते. आपल्याकडे लिहिलेले द्वित्व ऐकूही येते. म्हणूनच 'डिनर'चा 'डिन्नर' आणि 'समर'चा 'सम्मर' असे उच्चार आपल्या देशात पुष्कळदा कानी पडतात. लोक त्याला हसतात. परंतु तो उच्चार करणारा मनुष्य आपल्या भाषेच्या न्यायाने बरोबर वागत असतो. इतकेच नव्हे, तर हजार वर्षांपूर्वीचा इंग्लंडातील शेतकरीही असाच वागत होता.

त्या काळच्या इंग्रजीत व्यंजने खरोखरीच ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन प्रकारची होती. 'सुनु' म्हणजे मुलगा. संस्कृतात 'सूनु' म्हणजे पुत्र, आणि हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. 'सुन्ने' म्हणजे सूर्य. एका 'न'चा आणि दोन 'न'चा फरक असा अर्थ बदलून टाकीत असे. त्याचप्रमाणे 'होपियन' म्हणजे आशा करणे आणि 'होप्पियन' म्हणजे उडी मारणे. स्वर दोन्हींत ऱ्हस्व, फरक फक्त 'प'चा. आणि आपल्या पाटीवरील दोन शब्द? कातण्याला ते लोक 'स्पिन्नन' म्हणत, दोन 'न' स्पष्ट उच्चारून. विणण्याला 'वेवन' म्हणत. त्यात मधले व्यंजन एकच. तेव्हा 'स्पिनिंग'मधला दुसरा 'एन' कोणी मास्तराने मागाहून चिकटविलेला नाही. तो त्या शब्दाच्या जन्मापासूनचा आहे.

मग पुढे काय झाले ते समजण्यासाठी आपल्या छंदशास्त्राची मदत घेऊ. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू होते हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. 'हॉप्-पे' ह्यात पहिला अवयव व्यंजनाने बंद झालेला आहे, तो गुरूच. 'हॉ-पे' ह्यात पहिला अवयव उघडा आणि स्वर ऱ्हस्व, म्हणून लघू. बाराव्या-तेराव्या शतकांत इंग्रजी बोलणाऱ्यांच्या जिभेला, आघाताचा अवयव असा हलका असणे मानवेनासे झाले. त्यांनी उघड्या अवयवातील ऱ्हस्व स्वर लांबवून त्याला गुरू केले. 'हॉ-पे'चे 'होऽ-पे' झाले. 'वे-वन'चे 'वेऽ-वन' झाले. 'हॉप्-पे' आणि 'स्पिन्-नन' ह्यांना लांबविण्याची गरज नव्हती, ते मुळातच भारदस्त होते. त्यांचे स्वर ऱ्हस्वच राहिले.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. शब्दांच्या अखेरचे 'ए'कारान्त शेपूट बोलण्यातून नाहीसे झाले, आणि इ. स. १४०० च्या सुमारास दीर्घ व्यंजनेही बोलण्यातून गेली. जीभ दोन 'प' म्हणेनाशी झाली. परंतु तोपर्यंत भेद सांगण्याचे काम स्वराने आपल्या अंगावर घेतलेले होते. आवाज गेला, अक्षर राहिले. कागदावरचे दोन 'पी' आता 'प'विषयी काहीच सांगेनात. ते सांगू लागले की 'मागचा स्वर ऱ्हस्व वाच'. पुढच्या तीनएकशे वर्षांत दीर्घ स्वरांचे उच्चारही पार बदलले, 'वेऽव'चे 'वीव्ह' झाले. परंतु ही खूण टिकली.

ह्यावरून एक गमतीची गोष्ट निघते. प्रत्यय लागताना एक अक्षर वाढते असे आपण शिकतो. 'स्पिन', 'हॉप', 'स्टॉप', 'बिगिन' ह्या जुन्या शब्दांपुरते बोलावयाचे तर घडले ते नेमके उलट. आधी दोनच होते. शब्द एकटा राहिला तेव्हा शेवटी दोन अक्षरांची गरज उरली नाही म्हणून एक गळाले. प्रत्ययाच्या आश्रयाला मात्र दोन्ही जिवंत राहिली. नंतर बाहेरून आलेल्या शब्दांना तोच कित्ता लागू झाला. फ्रेंच भाषेतून एका 'पी'चा 'इक्विप' आला, त्याचे 'इक्विप्ड' होताना दोन 'पी' झाले. आज मोबाइलवर आपण 'चॅटिंग' करतो आणि कचेरीत कागद 'स्कॅनिंग'ला देतो. त्यांतही 'टी' दोन आणि 'एन' दोन. हजार वर्षांपूर्वीची सवय आजच्या यंत्राच्या शब्दालाही सोडीत नाही.

संस्कृतातही ह्याचा एक चुलतभाऊ आहे. 'तस्मिन्' आणि 'एव' मिळून 'तस्मिन्नेव' होते. ऱ्हस्व स्वरापुढे शब्दाच्या अखेरीस आलेला 'न', पुढे स्वर आला की दुप्पट होतो, असा नियम पाणिनीने आपल्या आठव्या अध्यायात घालून दिला आहे. ऱ्हस्व स्वर, एक व्यंजन, पुढे स्वर : अटी किती सारख्या आहेत पाहा. मात्र संस्कृतातील ते द्वित्व उच्चारले जाते. इंग्रजीतील मुके झाले आहे.

ऑर्मचे गाऱ्हाणे

ह्या मुक्या होऊ घातलेल्या अक्षराचा उपयोग पहिल्याने जाणीवपूर्वक केला तो ऑर्म नावाच्या एका धर्मसेवकाने. इंग्लंडच्या पूर्वभागात, बहुधा लिंकनशायरात, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो होऊन गेला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यापासून दरबाराची भाषा फ्रेंच आणि धर्माची लॅटिन झाली होती. इंग्रजी ही कष्टकऱ्यांची भाषा होती. ऑर्मने आपल्या भावाच्या, वॉल्टरच्या, सांगण्यावरून शुभवर्तमानातील पाठांवर इंग्रजीत पद्यमय प्रवचने लिहिली. त्यांच्या सुमारे १९,००० ओळी आज उपलब्ध आहेत. स्वतःच्या नावावरून त्याने ग्रंथाला 'ऑर्म्युलम' हे नाव दिले.

त्याच्यापुढील अडचण व्यवहाराची होती. लॅटिनमध्ये मुरलेला पुरोहित खेड्यात जाऊन हे इंग्रजी वाचणार. त्याने उच्चार चुकविला तर श्रोत्यांना अर्थ कळणार नाही. म्हणून ऑर्मने, अवयवात ऱ्हस्व स्वरापुढे व्यंजन आले की ते दोनदा लिहावयाचे, अशी शिस्त घालून घेतली आणि हजारो ओळींत ती चिकाटीने पाळली. पुढे जो कोणी नक्कल करील त्याने अक्षरे अशीच दोनदा लिहावीत, अशी विनंतीही त्याने करून ठेवली. परंतु दुसरी नक्कल आज कोठेही नाही. हलक्या प्रतीच्या चामड्याच्या अरुंद, लांबट तुकड्यांवर त्याने लिहिलेली मूळ प्रत तेवढी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

विद्वानांनी पुष्कळ दिवस ऑर्मला कंटाळवाणा म्हणून हिणविले. पद्य रटाळ असेल. मला त्याच्याशी कर्तव्य नाही. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्या माणसाच्या कानापर्यंत शब्द नीट पोहोचावा म्हणून जो मनुष्य एकेक अक्षर दोनदा लिहितो, त्याची तळमळ मला मोठी वाटते. शुद्धलेखनाचा नियम वाचणाऱ्याची सोय म्हणून जन्मतो. लोकांची परीक्षा घेण्याचे हत्यार तो मागाहून होतो.

माग, दुकान आणि छापखाना

१४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातील पहिला छापखाना काढला. छापखाना आला म्हणून स्पेलिंग लगेच ठरले असे मात्र नाही. जुळाऱ्याला ओळ दोन्ही बाजूंनी सारखी बसवावी लागे. ओळ आखूड पडली तर एखादा खिळा वाढवावा, लांबली तर कमी करावा, असे पुष्कळ दिवस चालले. एकाच पानावर एक शब्द कधी एका 'टी'ने, कधी दोन 'टी'ंनी छापला जाई. कोणाला त्याची लाज वाटत नसे.

ह्या गोंधळात व्यवस्था आणू पाहणाऱ्यांत रिचर्ड मल्कास्टर हा एक प्रमुख. लंडनच्या शिंपी-व्यापाऱ्यांच्या मंडळाने १५६१ साली काढलेल्या शाळेचा तो पहिला मुख्याध्यापक. १५८२ साली त्याने 'एलिमेंटरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. निष्कारण वाढविलेली अक्षरे काढावीत आणि उच्चारासाठी लागणारी ठेवावीत, असा त्याचा साधारण रोख होता. लोकांची वहिवाट मोडून नवी लिपी काढा असे म्हणणारे सुधारक त्याच्या काळी होते. ह्याने वहिवाटीलाच शिस्त लावली.

परंतु मला अधिक जवळचा वाटतो तो एडमंड कूट. १५९६ साली निघालेले त्याचे 'इंग्लिश स्कूल-मास्टर' हे पुस्तक पुढे शतकभराहून अधिक काळ छापले जात राहिले. ते कोणासाठी लिहिले आहे? प्रस्तावनेत तो शिंपी, विणकर, दुकानदार आणि शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया ह्यांना उद्देशून बोलतो. मागावर बसल्या बसल्या, हातातले काम न थांबविता, तुम्हांला शेजारच्या मुलांना वाचावयास शिकविता येईल, असा भरवसा तो देतो. 'वीव्हिंग' ह्या शब्दाचे स्पेलिंग प्रत्यक्ष विणणाऱ्यांनी मागाच्या खडखडाटात पोरांना शिकविले, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढचे शतक छापखान्यातील कामगारांचे. जोसेफ मॉक्सन ह्याने १६८३ साली मुद्रणाच्या धंद्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध करावयास सुरुवात केली. जुळाऱ्याने लेखकाची प्रत तंतोतंत पाळावी हा कायदा खरा. परंतु काही चांगले लेखक निष्काळजी असतात आणि काही अडाणी असतात, म्हणून इंग्रजी मजकुरातील वाईट स्पेलिंग आणि विरामचिन्हे जुळाऱ्याने ओळखून सुधारावीत अशी वहिवाट पडली आहे, असे तो नमूद करतो. त्याच ग्रंथात त्याने कामगारांच्या 'चॅपल'चेही वर्णन केले आहे. प्रत्येक छापखान्यातील कामगारांची ती स्वतःची सभा. तिच्यातील ज्येष्ठाला 'चॅपलचा फादर' म्हणत. ब्रिटनमधील मुद्रण-कामगारांच्या संघटनेत हे शब्द पुढे विसाव्या शतकापर्यंत चालले. ज्या हातांनी संघटना बांधली त्याच हातांनी स्पेलिंगही बांधले.

फ्रान्समध्ये भाषेसाठी १६३५ साली अकादमी स्थापन झाली. इंग्लंडात तशी अकादमी व्हावी अशी मागणी अनेकांनी केली, पण ती कधी झाली नाही. डॉ. जॉन्सनचा कोश १७५५ साली निघाला आणि त्याला मोठा मान मिळाला. तरी रोजचा निवाडा करावा लागे तो खिळ्यांच्या पेटीसमोर उभ्या असलेल्या माणसालाच.

मुद्रितशोधकांची सभा

आता ज्या घटनेसाठी मी हा विषय निवडला तिच्याकडे येतो. लंडनमध्ये मुद्रितशोधकांची एक संघटना होती : 'लंडन असोसिएशन ऑफ करेक्टर्स ऑफ द प्रेस'. होरेस हार्ट हा चोविशीच्या आसपासचा मुद्रितशोधक तिचा सभासद होता. १८६४ च्या एप्रिलमध्ये त्याने आणि त्याच छापखान्यातील काही सहकारी सभासदांनी मिळून चांगल्या मुद्रणाच्या नियमांची एक यादी तयार केली. कोणी विद्यापीठाने ती मागितली नव्हती. एकाने एक अक्षर घालावे, दुसऱ्याने काढावे, आणि दोघांचाही वेळ जावा, ही रोजची कटकट मिटविण्यासाठी कामगारांनी आपसांत केलेला तो करार होता.

त्याच संघटनेने सप्टेंबर १८६७ मध्ये लंडनला सभा भरविली. विषय होता वेतनवाढ. अध्यक्षस्थानी होते चार्ल्स डिकन्स. मुद्रितशोधकाचे काम यांत्रिक नाही, त्याला बुद्धी आणि व्यासंग लागतो, ह्याची ग्वाही त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून दिली. आपल्या कोणत्याही पुस्तकाची मुद्रिते तपासताना, आपल्या नजरेतून सुटलेले काही ना काही मुद्रितशोधकाने दाखवून दिले नाही असे कधी झाले नाही, अशा आशयाचे ते बोलले. इंग्रजी भाषेचा एवढा मोठा कादंबरीकार हे ऋण मान्य करतो, आणि तेही पगारवाढीच्या सभेत, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हार्ट पुढे १८८३ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाचा प्रमुख झाला. त्याने आपली यादी वाढवीत वाढवीत १८९३ साली तेथील कामगारांसाठी छापली, आणि १९०४ साली ती सर्वांसाठी विक्रीस आली. 'हार्टचे नियम' म्हणून ती पुस्तिका जगभर गेली. प्रत्यय लागताना व्यंजन केव्हा दुप्पट करावे ह्या नियमाला तीत स्वतंत्र जागा आहे. तीतील स्पेलिंगे तपासून देणाऱ्यांत ऑक्सफर्डच्या महाकोशाचे संपादक जेम्स मरे हे होते. मरे हे स्कॉटलंडमधील एका शिंप्याचे चिरंजीव. चौदा-पंधराव्या वर्षी त्यांची शाळा सुटली होती. पुढचे सारे त्यांनी आपल्या हिमतीवर मिळविले.

अमेरिकेत नोआ वेब्स्टरने ह्याच नियमाला अधिक तर्कशुद्ध करण्याचा प्रयत्न १८२८ च्या आपल्या कोशात केला. आघात शेवटी नसेल तर दुप्पट करावयाचे नाही, मग 'ट्रॅव्हल'मध्ये जोर पहिल्या अवयवावर असताना 'ट्रॅव्हलर'मध्ये दोन 'एल' कशाला? अमेरिकेने त्याचे ऐकले. इंग्लंडने दोन 'एल' कायम ठेवले. तर्क वेब्स्टरच्या बाजूला आहे, वहिवाट इंग्लंडच्या बाजूला. परंतु इंग्लंडातही 'ओपनिंग'मध्ये 'एन' एकच, आणि 'वर्शिप'चे 'वर्शिप्ड' करताना मात्र 'पी' दोन. सर्वत्र एकच न्याय कोणालाच लावता आलेला नाही.

'व्ही'चेही असेच. 'लिव्ह'चे 'लिव्हिंग' होताना स्वर ऱ्हस्व असूनही 'व्ही' एकच, कारण जुन्या लिपीत 'यू' आणि 'व्ही' हे एकच अक्षर होते आणि ते दोनदा लिहिले की 'डब्ल्यू'चा भास होई. 'पिकनिक'ला 'इंग' लावताना दुसऱ्या 'सी'ऐवजी 'के' येतो, कारण 'सी'पुढे 'आय' आला की वाचणारा 'स' म्हणेल. प्रत्येक अपवादामागे अशी एखादी अडचण आणि कोणा कामकरी माणसाने काढलेली तोड आहे.

हे आपल्याला कशासाठी?

आपण विचाराल, संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने इंग्रजी अक्षरे मोजीत कशाला बसावे? त्याचे कारण सांगतो. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका कारखान्यातील कामगाराने, साहेबांना मराठी समजत नाही म्हणून, आपली तक्रार स्वतः इंग्रजीत लिहून दिली. दोन महिन्यांचा पगार थांबविला आहे, एवढेच त्यात होते. 'स्टॉप्ड' लिहिताना त्याने 'पी' एक लिहिला. चौकशीत अधिकाऱ्याने ते वाक्य मोठ्याने वाचले, 'स्टोप्ड, स्टोप्ड' असे दोनदा म्हणाला, आणि खोलीत हशा पिकला. पगार थांबला होता ही गोष्ट बाजूला राहिली. 'पी' एक होता ह्याचीच चर्चा झाली. तो मनुष्य पुन्हा कधी लेखी तक्रार द्यावयास तयार झाला नाही. मराठीत लिहून देऊ म्हटले तरीही नाही.

त्या दिवसापासून माझ्या मनात होते, की हा दुसरा 'पी' आला तरी कोठून हे एकदा पाहावे. शोध घेता घेता जे दिसले ते आपल्यापुढे ठेवले. त्या अक्षरावर सरदार-दरकदारांची मालकी नाही. ते प्रथम शेतकऱ्यांच्या जिभेवर होते. एका गरीब धर्मसेवकाने ते अडाण्यांसाठी जपले. विणकरांनी आणि शिंप्यांनी ते पोरांना शिकविले. जुळाऱ्यांनी ते बसविले. आणि मुद्रितशोधकांच्या संघटनेतील माणसांनी त्याचे नियम पुस्तकात आणले. कामगाराच्या तक्रारीवर हसण्यासाठी तेच अक्षर वापरणे हे इतिहासाचे अज्ञान आहे.

ह्याचा अर्थ, नियम पाळू नका, असा मी सांगत नाही. नियम उपयोगाचा आहे, म्हणूनच तर तो टिकला. अर्ज, करारनामा, मुलाखत ह्यांत आपल्या मुलांना इंग्रजी लागणार आहे, आणि ते त्यांना नीट यावयास हवे. आज यंत्र चुकीखाली लाल रेघ ओढून देते. परंतु 'होपिंग' आणि 'हॉपिंग' हे दोन्ही शब्द खरे असल्यामुळे, एकाच्या जागी दुसरा पडला तर ती रेघ नेहमीच उमटेल असा भरवसा नाही. माणसाला कारण कळलेले असले म्हणजे अशा वेळी अडत नाही. आपल्या मुलाला 'पाठ कर' म्हणण्याऐवजी शब्द मोठ्याने म्हणावयास सांगा. स्वर ऱ्हस्व आहे का, जोर कोठे पडतो, हे त्याला कानाने ओळखू द्या. लघु-गुरूंचे संस्कार झालेल्या मराठी कानाला हे जड नाही. एका संध्याकाळचे काम आहे.

आणि कोणी चुकला तर चूक दुरुस्त करून द्यावी, त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे. लंडनच्या मुद्रितशोधकांनी डिकन्सची मुद्रिते ह्याच रीतीने तपासली. त्यांनी अक्षर सुधारले आणि गोष्ट पुढे जाऊ दिली.